कंटाळवाणा आणि कंटाळलेला : इंग्रजी विशेषणे शिकवताना

गेल्या जुलैमध्ये मी आठवीच्या निबंधाच्या वह्या तपासत होते. विषय 'द रेनी सीझन' असा नेहमीचाच होता. कळसूबाईच्या पायथ्याच्या आमच्या भागात पाऊस एकदा लागला की आठ-आठ दिवस उघडीप मिळत नाही, त्यामुळे या विषयावर मुलांकडे लिहिण्यासारखे पुष्कळ असते आणि ती लिहितातही मनापासून. एका मुलीच्या वहीत, अगदी नेटक्या अक्षरात, एक वाक्य होते : 'आय ॲम बोरिंग इन रेनी सीझन.' मी सवयीने 'बोरिंग'खाली लाल रेघ मारली, वर 'बोअर्ड' लिहिले आणि पुढची वही ओढली. चार वह्यांनंतर तीच चूक पुन्हा आली. सगळा गठ्ठा संपला तेव्हा पस्तीसपैकी अकरा वह्यांत ती सापडली होती. जवळजवळ एकतृतीयांश वर्ग एकच चूक एकाच पद्धतीने करतो, तेव्हा तिला मुलांचा निष्काळजीपणा म्हणता येत नाही. शिकवण्यातच काहीतरी राहून गेले आहे, हे मला त्या संध्याकाळी फार स्पष्टपणे जाणवले.

या मुलांना विशेषणे येत नाहीत असे मुळीच नाही. नामाबद्दल विशेष माहिती सांगणारा शब्द म्हणजे विशेषण, ही व्याख्या त्यांना पाठ आहे. 'गुड, बेटर, बेस्ट' आणि 'बॅड, वर्स, वर्स्ट' हे तक्ते ती एका सुरात म्हणून दाखवतात. 'बिग'चे 'बिगर' होताना शेवटचे अक्षर दोनदा येते आणि 'हॅपी'चे 'हॅपिअर' होताना 'वाय'चा 'आय' होतो, हेही त्यांना माहीत आहे. रिकाम्या जागा भरायला दिल्या तर बहुतेक जण बरोबर भरतात. अडचण येते ती स्वतःच्या मनातले काही सांगायची वेळ आल्यावर, कारण त्या वेळी मनात तक्ता नसतो, मराठी वाक्य असते.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते. राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली. माझी पिढी पाचवीत ए-बी-सी-डी गिरवणारी. दहावीला व्याकरणाचे सगळे प्रश्न मी बरोबर सोडवले होते. कॉलेजच्या पहिल्या वर्षी प्राध्यापकांनी मला सर्वांसमोर विचारले, की सगळे विषय इंग्रजीतून शिकताना कसे वाटते. मी उभी राहून 'आय ॲम व्हेरी डिफिकल्ट' असे उत्तर दिले. वर्ग हसला, प्राध्यापकांनी मान हलवून पुढच्या मुलाला उठवले, आणि माझे काय चुकले हे कोणीच सांगितले नाही. पुढे कित्येक महिने मी वर्गात तोंड उघडले नाही. चुकीचे मूळ मला फार उशिरा सापडले. माझ्या मनात 'मला फार अवघड जाते' हे वाक्य होते. त्यातल्या 'मला'चे मी 'आय' केले आणि 'अवघड'चे 'डिफिकल्ट'. शब्द दोन्ही बरोबर होते, पण विशेषण ज्याला लागायला हवे होते त्याला न लागता मला लागले.

मराठीत भावना हे बहुधा नाम असते, आणि ते नाम आपल्याकडे चालत येते. कंटाळा येतो, भूक लागते, भीती वाटते, आनंद होतो. वाक्याचा कर्ता तो कंटाळा किंवा ती भूक. ज्याला ते होते तो माणूस 'मला', 'तिला', 'आजीला' असा बाजूला उभा असतो. क्रियापदाकडे पाहिले की हे लगेच ध्यानात येते. कंटाळा आला, झोप आली, हसू आले : बोलणारी मुलगी असो की मुलगा, क्रियापद त्यांच्याकडे पाहतच नाही, ते कंटाळ्याचे, झोपेचे आणि हसण्याचे लिंग पाहते. इंग्रजी नेमके उलट करते. तिथे माणूस कर्ता होतो आणि भावनेचे विशेषण होऊन ते त्याला चिकटते : हंग्री, थर्स्टी, स्लीपी, अँग्री, अफ्रेड, प्राउड, अशेम्ड, सरप्राइज्ड. म्हणजे आपल्या मुलांना केवळ नवे शब्द शिकायचे नसतात. जिथे आपल्या भाषेत विशेषणच नसते, तिथे ते वापरायला शिकायचे असते. 'मराठी विशेषण आणि त्याचे इंग्रजी विशेषण' अशा जोड्या कितीही पाठ केल्या तरी हे त्यातून हाती लागत नाही, कारण 'भूक लागली' या वाक्यात शोधूनही विशेषण सापडत नाही.

यातच काळाचाही एक गुंता आहे. आपण 'मला भूक लागली' म्हणतो तेव्हा क्रियापदाचे रूप भूतकाळी असते, पण भूक आत्ता असते. मुले प्रामाणिकपणे 'आय वॉज हंग्री' लिहितात आणि वाचणाऱ्याला वाटते की मूल जेवून मोकळे झाले. 'राग आला', 'कंटाळा आला', 'झोप आली' या सगळ्यांचे तसेच आहे. म्हणून मी आता वर्गात आधी विचारते, 'हे आत्ता आहे की तेव्हा होते?' आणि मग इंग्रजीकडे वळते. सगळ्याच भावनांना हा साचा लागू पडतो असे मात्र नाही, आणि ते मुलांना आधीच सांगितलेले बरे. 'मला घाई आहे' याला 'आय ॲम हरी' चालत नाही, 'आय ॲम इन अ हरी' म्हणावे लागते. विशेषणापुढे कोणता शब्द येतो तेही सोबतच पाठ करावे लागते : 'अफ्रेड ऑफ', 'प्राउड ऑफ', पण 'अँग्री विथ' आणि 'सरप्राइज्ड ॲट'. मराठीत ही कामे 'ची', 'चा', 'वर' करतात : सापाची भीती, मुलीचा अभिमान, भावावर राग. 'भावावर'मधल्या 'वर'मुळे 'अँग्री ऑन माय ब्रदर' हे वाक्य दर वर्षी वह्यांत येते.

आता 'बोरिंग' आणि 'बोअर्ड'कडे येते. निबंधाच्या वह्या परत दिल्या त्या दिवशी ती मुलगी टेबलाजवळ आली आणि म्हणाली, "मॅडम, दोन्हींचा अर्थ कंटाळाच ना? मग माझं चुकलं कुठे?" प्रश्न रास्त होता. मी उत्तर देण्याऐवजी फळ्यावर दोन मराठी शब्द लिहिले, 'कंटाळवाणा' आणि 'कंटाळलेला', आणि वर्गाला विचारले की पाऊस यातला कोणता आणि आपण कोणते. क्षणभरही न थांबता सगळ्यांनी बरोबर सांगितले. मग खाली लिहिले 'थकवणारा' आणि 'थकलेला'. त्याखाली 'घाबरवणारा' आणि 'घाबरलेला'. तिसरी जोडी लिहून होण्याआधीच मागच्या बाकावरून आवाज आला, की 'णारा' म्हणजे 'इंग' आणि 'लेला' म्हणजे 'ईडी'. जो भेद त्यांना इंग्रजीत दिसत नव्हता, तो त्यांच्या तोंडच्या भाषेत लहानपणापासून होता. मी तो दाखवायला इतकी वर्षे का घेतली, याचे मला त्या दिवशी खरोखर वाईट वाटले.

या युक्तीलाही मर्यादा आहे आणि ती मुलांनीच शोधून काढली. 'झोपलेले बाळ' म्हणजे काय, असे एकाने विचारले. नियमाप्रमाणे तिथे 'ईडी' यायला हवे, पण इंग्रजीत ते 'स्लीपिंग बेबी' असते. म्हणून मी आता असे सांगते, की ही जोडी मनाच्या आणि शरीराच्या अवस्थांसाठी वापरा, जिथे एक जण ती अवस्था निर्माण करतो आणि दुसऱ्याला ती जाणवते. झोपण्यात असे दोन पक्ष नसतात. त्याच ओघात 'अस्लीप'ही सांगून टाकले : 'द बेबी इज अस्लीप' बरोबर, पण 'ॲन अस्लीप बेबी' असे कोणी म्हणत नाही. 'अफ्रेड', 'अवेक', 'अलाइव्ह' या शब्दांचीही तीच रीत आहे. ते सहसा नामाच्या आधी बसत नाहीत, क्रियापदानंतर येतात.

तुलनेकडे, म्हणजे परीक्षेत हमखास येणाऱ्या 'चेंज द डिग्री' या प्रश्नाकडे, मी पूर्वी सर्वांत जास्त तास द्यायचे. आता कमी देते, पण जे देते ते कळसूबाईवर देते, कारण शाळेच्या व्हरांड्यातून ती समोर दिसते. कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे आणि महाराष्ट्रात तिच्याहून उंच काही नाही; दुसऱ्या क्रमांकावर नाशिक जिल्ह्यातला साल्हेर येतो, त्याची उंची १५६७ मीटर आहे. एवढ्या दोन आकड्यांवर तिन्ही डिग्री बसतात. 'कळसूबाई इज द हायेस्ट पीक इन महाराष्ट्र.' 'कळसूबाई इज हायर दॅन एनी अदर पीक इन महाराष्ट्र.' 'नो अदर पीक इन महाराष्ट्र इज ॲज हाय ॲज कळसूबाई.' यातला 'अदर' मुले हटकून गाळतात. तो गाळला तर कळसूबाई स्वतःपेक्षाही उंच ठरते, हे मी त्यांना डोंगराकडे बोट दाखवून सांगते आणि ते लक्षात राहते. साल्हेरसाठी 'वन ऑफ द हायेस्ट पीक्स' वापरायचे. तिथे 'पीक' एकवचनी लिहिण्याची चूक फार होते, वास्तविक मराठी वाक्य मनात नीट म्हटले तर ती व्हायला नको, कारण 'सर्वांत उंच शिखरांपैकी एक' म्हणताना 'शिखरांपैकी' हे आपण अनेकवचनीच म्हणतो. सगळ्याच चुकांचा दोष मातृभाषेला देतात, पण अनेक ठिकाणी मातृभाषा अचूक वाट दाखवत असते आणि आपणच तिला विचारत नाही.

'मोअर टॉलर' आणि 'मोस्ट बेस्ट' या चुकांचे मात्र मूळ मराठीत आहे. मराठी विशेषण तुलनेत बदलत नाही. उंच, त्याच्यापेक्षा उंच, सर्वांत उंच : शब्द तोच राहतो, बदल बाहेर होतो. त्यामुळे विशेषणाचे रूप बदलले तरी बाहेर काहीतरी जोडल्याशिवाय मुलांना वाक्य पुरे झाल्यासारखे वाटत नाही. मी त्यांना याला जोडून आपल्याच भाषेतले एक उदाहरण दाखवते. श्रेष्ठ, ज्येष्ठ, कनिष्ठ, बलिष्ठ हे शब्द संस्कृतातून आले आहेत आणि त्यांतला 'इष्ठ' हा प्रत्यय 'सर्वांत' हाच अर्थ दाखवतो. 'श्रेष्ठ' म्हणजेच सर्वांत चांगला. पण तो अर्थ विसरला गेल्यामुळे आपण 'सर्वश्रेष्ठ' म्हणतो. इंग्रजीतला 'एस्ट' आणि संस्कृतातला 'इष्ठ' हे एकाच प्राचीन भाषेतून आलेले सख्खे भाऊ आहेत. 'स्वादिष्ठ' आणि 'स्वीटेस्ट' हे तर मुळापासून शेवटापर्यंत एकच शब्द म्हणावेत इतके जवळचे आहेत. 'गुड'चे 'बेस्ट' कसे होते याचे आश्चर्य वाटणाऱ्या मुलांना मी सांगते, की पाणिनीनेही 'प्रशस्य' या शब्दाच्या जागी 'श्र' येऊन 'श्रेष्ठ' होते असे नोंदवले आहे. चांगल्याचे सर्वांत चांगले होताना शब्दच बदलणे ही केवळ इंग्रजांची खोड नाही. गणितातले लसावि आणि मसावि, म्हणजे लघुतम आणि महत्तम, यांतला 'तम'ही 'सर्वांत' हाच अर्थ दाखवतो, म्हणून तेही याच तासाला फळ्यावर येतात, आणि इंग्रजीच्या तासाला गणित निघाले की मुले एकदम सावरून बसतात.

तुलनेत आणखी एकच गोष्ट मी आग्रहाने सांगते : 'सीनिअर', 'ज्युनिअर', 'सुपीरिअर', 'इन्फीरिअर' हे शब्द लॅटिनमधून तुलनेचा अर्थ घेऊनच आले आहेत, म्हणून त्यांच्यापुढे 'दॅन' येत नाही, 'टू' येते.

माझ्या मते खरा सराव पुढे सुरू होतो, आणि तो 'मोठा' या शब्दापासून सुरू करावा. मराठीत भाऊ मोठा असतो, आवाज मोठा असतो, पाऊस मोठा असतो, रस्ता मोठा असतो आणि माणूसही मोठा असतो. इंग्रजीत भाऊ 'एल्डर', आवाज 'लाउड', पाऊस 'हेवी', रस्ता 'वाइड' आणि माणूस 'ग्रेट' होतो. 'बिग रेन' लिहिणाऱ्या मुलाला व्याकरणाचा कुठलाही नियम मोडल्याबद्दल चूक देता येत नाही, तरीही ते इंग्रजी नाही. 'उंच'चेही तसेच : माणूस आणि झाड 'टॉल', डोंगर 'हाय'. 'कडक' तर याहून समृद्ध शब्द आहे. ऊन कडक असते ते 'स्कॉर्चिंग', चहा कडक असतो तो 'स्ट्राँग', शिक्षक कडक असतात ते 'स्ट्रिक्ट', आणि इस्त्रीची कडक कॉलर 'स्टिफ'. अशा वेळी शब्दकोशातला पहिला अर्थ उचलून उपयोग होत नाही. विशेषण सुटे पाठ करू नये, नामासकट पाठ करावे, आणि वहीतही तसेच लिहावे : 'स्ट्राँग टी', 'स्ट्राँग विंड', 'हेवी रेन', 'हेवी ट्रॅफिक'.

असे का, हा प्रश्न मुले विचारतातच. त्याचे उत्तर मी रंगांमधून देते. मराठीत रंग गडद करायला एकच शब्द पुरत नाही. हिरवे असते ते हिरवेगार, पांढरे ते पांढरेशुभ्र, काळे ते काळेकुट्ट, लाल ते लालभडक, पिवळे ते पिवळेधमक, निळे ते निळेशार, आणि गोरा माणूस गोरापान. 'हिरवेभडक' किंवा 'लालशुभ्र' असे कोणी म्हणाले तर पहिलीतले मूलही हसेल, पण का हसलो याचा नियम त्याला सांगता येणार नाही. इंग्रजी बोलणाऱ्याला 'बिग रेन' ऐकून तसेच वाटते. त्यांच्याकडेही अंधार 'पिच ब्लॅक' असतो आणि केस 'जेट ब्लॅक' असतात. हे एकदा पटले, की मुले नियम मागायचे सोडून जोड्या गोळा करू लागतात, आणि मला तेच हवे असते.

दोन छोट्या चुका विभक्तीमुळे होतात. 'पाच रुपयांची नोट' यातल्या 'रुपयांची'मुळे मुले 'फाइव्ह रुपीज नोट' लिहितात, पण नामाआधी विशेषण म्हणून आल्यावर तो शब्द एकवचनी राहतो : 'अ फाइव्ह-रुपी नोट', 'अ टेन-इयर-ओल्ड गर्ल'. तसेच 'गरिबांना'मुळे 'पुअर्स' होते. तिथे 'द पुअर' एवढेच पुरते. आपली विशेषणे काळा, काळी, काळे, काळ्या अशी लिंग-वचनाबरोबर बदलतात आणि इंग्रजी विशेषण जागचे हलत नाही. इंग्रजी आपल्यापेक्षा सोपी आहे अशा थोड्या जागांपैकी ही एक आहे, हे सांगितल्यावर मुलांचे चेहरे खुलतात. विशेषणांच्या क्रमाबद्दल मी फार बोलत नाही. आधी आपले मत, मग आकार, मग वय, मग रंग, शेवटी ती वस्तू कशाची बनली आहे, एवढे शाळेत पुरे. दोनपेक्षा जास्त विशेषणे एका नामाआधी लावण्याचा प्रसंग फार क्वचित येतो.

सरावासाठी आता मी पुस्तक मिटून ठेवते आणि वस्तू पुढे ठेवते. ऑगस्टमध्ये एकदा डब्यातली नाचणीची भाकरी सर्वांमध्ये ठेवून तिच्याबद्दल पाच वाक्ये लिहायला सांगितली. 'राउंड' आणि 'ब्राउन' सगळ्यांनी लिहिले. मग मी भाकरी मोडायला सांगितली. मधला भाग 'सॉफ्ट' होता, कड 'हार्ड' की 'क्रिस्प' यावर बराच वाद झाला, आणि शेवटी तुकडा मोडताना आवाज झाला म्हणून 'क्रिस्प' ठरले. सकाळची भाकरी दुपारी 'कोल्ड' म्हणायची की 'स्टेल', हा प्रश्न एका मुलाने काढला. मी विचारले, "तुझी आई हिला शिळी म्हणेल का?" तो म्हणाला, "नाही, शिळी ती कालची." म्हणून 'कोल्ड' लिहिले. एकीने 'हॉट हॉट भाकरी इज टेस्टी' लिहिले होते. 'ऊन ऊन भाकरी'तला दुहेरी शब्द किती गोड आहे हे मला ठाऊक आहे, पण इंग्रजीत विशेषण असे दोनदा येत नाही, तिथे 'पायपिंग हॉट' म्हणतात, असे सांगून मी तो शब्द तिच्या वहीत लिहून दिला. त्या एका भाकरीवर चाळीस मिनिटे गेली आणि त्यात शब्द फार तर बारा झाले असतील. सहामाहीच्या पेपरात त्यातले बहुतेक शब्द योग्य जागी परत आलेले मी पाहिले.

'बोरिंग' लिहिणाऱ्या त्या मुलीने सप्टेंबरमध्ये पावसाळ्याचा निबंध स्वतःहून पुन्हा लिहून आणला. त्यात आता भाताच्या आवणीचे वर्णन होते. गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून रोपे लावायची, शाळा सुटल्यावर हीसुद्धा शेतावर जायची. मधली चार वाक्ये अशी होती : 'आवणी इज टायरिंग. माय मदर इज टायर्ड इन द इव्हनिंग. द मड इज कोल्ड बट माय मदर्स हँड्स आर वॉर्म. आय ॲम नॉट बोअर्ड ऑन दोज डेज.' मी वही दोनदा वाचली. लाल पेन उचलायची जागा कुठे नव्हती, म्हणून खाली सही आणि तारीख घातली आणि दुसऱ्या दिवशी तिला तो निबंध वर्गात मोठ्याने वाचायला सांगितला.